बारा बत्तीसची भूक

शार्दूल शेवाळे आणि गार्गी यांचं लग्न सोमवारी संध्याकाळी पाच वाजता रद्द झालं.

आता हे वाक्य वाचलंच नाही असं धरून पुढे चला. सरकारी नोंदीतही तसं काही झालेलं नाही. तिथं एवढंच म्हटलंय की हे लग्न मुळात झालंच नव्हतं, आणि जे झालंच नाही ते रद्द कसं होणार? तेव्हा काही घडलेलं नाही. शार्दूल, वय तेहेतीस, कराडच्या संमती नोंदणी कार्यालयात आपल्या खुर्चीवर बसलेला आहे, आणि आपल्याला भूक लागली आहे की नाही हे कळावं म्हणून स्वतःच्या दंडाकडे बघतो आहे.

दंडाकडे बघायची सवय तेव्हा सगळ्यांनाच होती. दंडावर रुपयाएवढी चकती चिकटवलेली असे. तिच्या पोटाशी केसाहून बारीक सुया. त्या कातडीखालच्या पाण्यात बुडून राहत, रक्तापर्यंत जात नसत, म्हणून दुखत नसे. जठर रिकामं झालं की त्याच्या वरच्या भागातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि मेंदूकडे जाऊन तगादा लावतं. चकती ते घ्रेलिन मोजायची, जोडीला साखर मोजायची, दोन्हींचा मेळ घालून शून्य ते शंभरमधला एक आकडा दाखवायची. शून्य म्हणजे श्राद्धाच्या पंगतीतून नुकताच उठलेला माणूस. शंभर म्हणजे निर्जळी उपासाची संध्याकाळ.

चकती मुळात मधुमेहींसाठी निघाली होती. मग विमा कंपन्यांना ती आवडली, आणि विमा कंपन्यांना आवडलेली गोष्ट अंगाला चिकटल्याशिवाय राहत नाही. दोनेक वर्षांत कोट्यवधी दंडांचे आकडे गोळा झाले आणि अभ्यासकांनी त्यांतून जे काढलं ते प्रत्येक घरातल्या बाईला आधीच माहीत होतं : भुकेला माणूस लवकर चिडतो, उद्याच्या मोठ्या गोष्टीपेक्षा आत्ताची लहान गोष्ट उचलतो, आणि वाद संपावा म्हणून कशालाही हो म्हणतो. घरातल्या बाईनं सांगितल्यावर यावर कुणी कायदा केला नव्हता. आता केला. ‘तृप्त संमती अधिनियम’. आकडा साठच्या वर असताना केलेली सही ही भुकेली सही, आणि भुकेली सही म्हणजे सहीच नव्हे.

लोकांच्या सवयी बदलायला मग वेळ लागला नाही. किराणा दुकानाच्या दारात सत्तरच्या वरच्या गिऱ्हाइकाला थांबवून आधी मूठभर चुरमुरे खायला लावत. परीक्षेत प्रश्नपत्रिकेआधी खिचडी वाटत. घरोघरी भांडण सुरू झालं की समोरचा म्हणे, आधी आकडा दाखव. साठच्या वर निघाला की भांडण जेवणानंतर ढकललं जाई, आणि जेवणानंतर कुणाला आठवत नसे. हे चांगलंच झालं म्हणायचं. पण हळूहळू माणसं पोटाला विचारेनाशी झाली. पोटात कसंतरी होतंय, ती भूक आहे की भीती आहे की कुणाची आठवण येते आहे, हे दंडाकडे बघितल्याशिवाय सांगता येईना. शार्दूलला तर मुळीच येत नसे, आणि तो क्षुधा-तपासनीस होता. सही करायला आलेल्या माणसाच्या दंडाला वाचनयंत्र लावायचं, आकडा मोठ्यानं वाचायचा, साठच्या वर असेल तर बिस्किटाचा पुडा पुढे करायचा. कंत्राटी पद होतं.

त्याचे साहेब म्हणजे बनसोडे. दिवसाला शंभर कागदांवर सही करायची म्हणजे दिवसभर साठच्या खाली राहायला हवं, म्हणून ते दर तासाला काहीतरी खात. तीन वर्षांत अकरा किलो वाढले होते आणि साखर लागली होती. सहीसाठी लाडू आणि लाडवासाठी गोळी, असा त्यांचा दिनक्रम होता. आरोग्य खात्याला कळवलं तेव्हा आरोग्य खात्यानं उत्तर पाठवलं होतं की बघू.

तर एका सकाळी बनसोडे साहेबांनी शार्दूलला आत बोलावलं आणि बसा म्हणाले. ते कधी बसा म्हणत नसत. कायदा मागच्या तारखेपासून लागू करायचं ठरलं होतं. विमा कंपन्यांकडे जुने आकडे होतेच; ते जुन्या सह्यांशी जुळवून संगणक संशयित सह्यांची यादी काढत होता. साहेबांनी पडदा त्याच्याकडे वळवला.

यादी लांब होती, आणि त्यात नुसती लग्नं होती.

कारण साधं होतं. कायदा ज्यांनी लिहिला त्यांनी पोटभर जेवून लिहिला होता, आणि आपल्याकडे नवरा-नवरी मुहूर्त लागेपर्यंत उपाशी असतात हे त्या वेळी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. अक्षता पडल्या, हार घातले, तिथंच मांडवात नोंदणीच्या पाटीवर बोटानं सही केली, मग पंगत. म्हणजे जिल्ह्यातली झाडून सगळी लग्नं ऐंशीच्या वरची. एक कोर्टात लागलेलं लग्न तेवढं वैध होतं, कारण वधू-वर वडापाव खाऊन गेले होते.

शार्दूल आणि गार्गीचं नाव एकशे सोळाव्या ओळीत होतं. मुहूर्त पाच वर्षांपूर्वीचा, दुपारी बारा बत्तीस. वधू : चौऱ्याण्णव. वर : अकरा.

साहेबांनी अकरावर बोट ठेवलं. शार्दूलच्या पोटात काहीतरी हललं. त्यानं दंडाकडे पाहिलं. आकडा अठ्ठावीस होता, म्हणजे भूक नव्हती.

“तुमची संमती पक्की आहे शेवाळे,” साहेब म्हणाले, “त्यांची नाही. म्हणजे कायद्यानं तुम्ही त्यांचे नवरे आहात. त्या तुमच्या बायको नाहीत.”

हे कसं शक्य आहे असं शार्दूलनं विचारलं. साहेब म्हणाले की तेही सकाळपासून तोच विचार करताहेत, दोन लाडू झाले. मार्ग एकच होता. तीस दिवसांच्या आत गार्गीनं कार्यालयात येऊन साठच्या खाली आकडा असताना पुन्हा हो म्हणायचं. तसं म्हटलं नाही तर तिसाव्या दिवशी पाच वाजता संगणक आपोआप नोंद पुसणार.

तिला आणणं काही कठीण नव्हतं. कठीण होतं ते अकरा.

कारण गेली पाच वर्षं, दर वाढदिवसाला, पाहुणे आले की, शार्दूल एक गोष्ट सांगत आला होता. सकाळपासून पाणीसुद्धा नाही, अंतरपाटामागे उभा, डोळ्यांपुढे काजवे, आता पडतो असं वाटत असतानाच अंतरपाट बाजूला झाला, समोर गार्गी, आणि जीवात जीव आला. ही गोष्ट तो चांगली सांगायचा. गार्गीला ती पाठ होती, तरी ऐकताना ती दर वेळी काम थांबवायची.

गार्गी माती परीक्षण प्रयोगशाळेत होती. शेतकरी पिशवीतून माती आणत आणि ती त्यात नत्र किती, पालाश किती ते सांगे. माणसाच्या बोलण्यापेक्षा आकड्यावर तिचा विश्वास जास्त. शार्दूलनं तिला कागद दाखवला तेव्हा ती गवार मोडत होती. तिनं कागद वाचला, हात पुसले, पुन्हा वाचला.

“अकरा,” ती म्हणाली.

यंत्राची चूक असू शकेल असं शार्दूल बोलला, आणि आपण क्षुधा-तपासनीस असून हे बोलतो आहोत हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. मग त्यानं कबूल केलं. मुहूर्ताच्या तासभर आधी, कोठीच्या खोलीत, गॅसच्या टाक्यांमागे उभं राहून, दोन वाट्या मसालेभात आणि सात जिलेब्या. कुणी दिल्या, हे मात्र सांगितलं नाही. तसं वचन दिलं होतं.

“काजवे कसले होते मग?”

“मठ्ठाही होता,” शार्दूल म्हणाला. “सुस्ती आली होती.”

त्याला वाटलं ती भांडेल, आणि त्यासाठी तो तयारही होता. पण तिनं आपल्या दंडाकडे पाहिलं, आकडा एकसष्ट होता, आणि ती नियमानं गप्प बसली. जेवण झाल्यावर ती भांडली नाही, विचारात पडली. ते जास्त वाईट होतं. चौऱ्याण्णव म्हणजे किती हे तिला कळत होतं. त्या दिवशी आपल्याला हा माणूस हवासा वाटला, की मागून मसालेभाताचा वास येत होता म्हणून सगळंच हवंसं वाटत होतं? तिला आठवेना. तिला फक्त एवढं आठवत होतं की काहीतरी फार हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं उरलेली गवार त्याच्यापुढे सरकवली. आपण या घरात कायद्यानं पाहुण्या आहोत, आणि पाहुण्यांना कुणी भाजी निवडायला लावत नाही, असं तिचं म्हणणं पडलं.

दहाव्या दिवशी ती कार्यालयात आली. भरपूर जेवून आली होती. शार्दूलनं तिच्या दंडाला यंत्र लावलं आणि परक्या माणसाचा वाचावा तसा आकडा वाचला : बावीस. साहेबांनी विचारलं, शार्दूल शेवाळे यांच्याशी झालेल्या विवाहास आपली संमती आहे काय? गार्गीनं खिडकीबाहेर पाहिलं, साहेबांच्या टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं, शार्दूलकडेही पाहिलं.

“बघू,” ती म्हणाली.

साहेबांनी नोंद केली आणि पुढची तारीख दिली. त्यांना नवल वाटलं नाही. हे हल्ली सगळ्यांचंच होत होतं. घ्रेलिनचं काम नुसतं पोटापुरतं नसतं. मेंदूत जिथं एखादी गोष्ट हवीहवीशी वाटते तिथंही ते जाऊन ढोसणी देतं. प्रयोगशाळेतल्या उंदरांचं घ्रेलिन अडवलं तर ते समोरच्या गोडासाठीसुद्धा फारशी धडपड करत नाहीत. माणसांना सहीआधी पोटभर खायला घातलं की त्यांचंही तेच होई. निर्णय चुकत नव्हते हे खरं, कारण निर्णय होतच नव्हते. घर बघायला आलेले लोक जेवून येत, छान आहे म्हणत आणि जात. साखरपुडे तीन-तीन वर्षं चालत. सगळा जिल्हा तृप्त होता आणि कुणालाच काही नको होतं.

गार्गी अठराव्या दिवशी पुन्हा आली. एकोणीस आकडा, पुन्हा बघू. परत जाताना तिनं शार्दूलला जिन्यात गाठून सांगितलं की ती मुद्दाम करत नाहीये. खरोखर आत काहीच वाटत नाही. हो म्हणावंसं वाटत नाही, नाही म्हणावंसंही वाटत नाही. घरी यायला निघते तेव्हा वाटतं, पण तोवर भूक लागलेली असते.

शार्दूलनं तिला विचारलं की मग आता काय करायचं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, जणू क्षुधा-तपासनीस ती नव्हे, तो आहे. तो होताच. त्यानं तिला बिस्किटाचा पुडा दिला.

पंचविसाव्या दिवशी गार्गीची आई, रोहिणीताई, साताऱ्याहून आल्या. जावयावर चोरून खाल्ल्याचा आळ आलाय हे त्यांना लेकीकडूनच फोनवर कळलं होतं आणि दोन दिवस त्यांना जेवण गेलं नव्हतं. आल्या आल्या पिशवी खाली न ठेवता त्यांनी सांगून टाकलं. कोठीत शार्दूलला त्यांनीच नेलं होतं. जिलेब्या त्यांनीच वाढल्या होत्या. सातवी तर तो नको म्हणत असताना.

रोहिणीताई स्वतः त्या दिवशी कन्यादानासाठी सकाळपासून उपाशी होत्या. त्यांचा आकडा सत्त्याण्णव निघाला असता, आणि त्या अवस्थेत वाढलेल्या जिलेब्या कायद्यानं वाढल्या असं धरता येत नाही, असं शार्दूलच्या मनात आलं.

“त्याला दिलंस,” गार्गी म्हणाली. “आणि मला?”

“तुला काय व्हायचंय?” रोहिणीताई म्हणाल्या. “तू माझी आहेस. तुला उपाशी राहून उभं राहता येतं, मला ठाऊक होतं. यांचं काय माहीत? पडले असते म्हणजे?” आणि शार्दूलकडे वळून, “पडला असता की नाही शार्दूलराव?”

शार्दूल म्हणाला की बहुधा पडलो असतो.

गार्गीनं आईच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली. बराच वेळ ती बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि आकडा त्रेचाळीस. म्हणजे ते भुकेमुळे नव्हतं.

“वचन दिलं होतंस म्हणून सांगितलं नाहीस?” तिनं शार्दूलला विचारलं. त्यानं मान डोलावली. मग तिनं विचारलं, वचन देताना तुझा आकडा किती होता? शार्दूल म्हणाला, सहा जिलेब्यांच्या सुमाराचा. मग पक्कंच होतं तर, असं म्हणून ती पहिल्यांदा हसली, आणि गवार मोडायला बसली. शार्दूलला वाटलं संपलं सगळं, मिटलं. कायद्याचे पाच दिवस उरले होते हे त्याच्या लक्षात होतं, पण त्याचा अर्थ कळत नव्हता.

तिसाव्या दिवशी, सोमवारी, पाचला वीस मिनिटं कमी असताना गार्गी कार्यालयात आली. तोंड सुकलेलं होतं. शार्दूलनं यंत्र लावलं आणि आकडा मोठ्यानं वाचायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. एक्क्याण्णव.

साहेबांनी बिस्किटाचा पुडा पुढे केला. तिनं तो परत सरकवला.

“साहेब, मी काल दुपारपासून जेवलेले नाही. मुद्दाम,” ती म्हणाली. “भुकेत काय काय हवंसं वाटतं ते बघत बसले होते. सकाळी भाकरी हवीशी वाटली. दुपारी साखर, मग कुणाशी तरी भांडण. तीननंतर यातलं काहीच नाही. हा घरी कधी येतो एवढंच. मी सही करते, पण आत्ता करते. जेवले की मला पुन्हा काही वाटणार नाही.”

साहेबांनी चष्मा काढला. कायद्यात हे बसत नाही असं ते हळू आवाजात बोलले. मग घड्याळाकडे पाहिलं. पाचला सात मिनिटं. त्यांनी खुर्ची फिरवली आणि आपण जरा खिडकी बघतो म्हणाले. खिडकीत बघण्यासारखं पाण्याच्या टाकीशिवाय काही नव्हतं.

शार्दूलला इतक्या वर्षांत पहिल्यांदा काय करायचं ते स्वच्छ कळलं. त्यानं बाही वर केली, वाचनयंत्र गार्गीच्या दंडाऐवजी स्वतःच्या दंडाला लावलं आणि कळ दाबली.

पडद्यावर आकडा उमटला. एकोणनव्वद.

साहेब वळले. “दोन कमी झाले,” ते म्हणाले, “बिस्किटाशिवाय.” मग त्यांना शार्दूलचा उघडा दंड दिसला. “शेवाळे, तुम्ही कधीपासून?”

“कालपासून, साहेब.”

“का?”

“पाच वर्षांपूर्वी राहायचं होतं,” शार्दूल म्हणाला. “राहून गेलं.” यंत्र लावताना आपलाही आकडा चढलेला असणार हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

एकाच घरात काल दुपारपासून दोघांनी एकमेकांना ताट वाढलं होतं, माझं झालंय म्हणून सांगितलं होतं, आणि दोघांनीही ते खरं मानलं होतं. गार्गीनं यंत्र धरलेला त्याचा हात धरला, आणि पडद्यावरचा आकडा गोंधळून जरा वेळ पुसट झाला.

मग बनसोडे साहेबांनी एक गोष्ट केली, जी त्यांनी केली असं पुढे त्यांना कधी मान्य करता येणार नव्हतं. ते उठले, यंत्रापाशी आले आणि आपली बाही वर करू लागले. त्यांचा आकडा बाराच्या वर कधीच नसे. पण बाही कोपरापर्यंत आली आणि अडकली. अकरा किलो सगळे पोटावर गेले नव्हते. शार्दूलनं एका बाजूनं ओढली, गार्गीनं दुसऱ्या बाजूनं, साहेबांनी श्वास आत घेतला, त्याचा दंडाशी काही संबंध नव्हता, आणि बटण तुटून टेबलाखाली गेलं तेव्हा पाच वाजले.

पडदा एकदा पांढरा झाला. एकशे सोळावी ओळ : विवाह आढळत नाही.

साहेब एक बाही वर, एक खाली अशा अवस्थेत खुर्चीत बसले आणि म्हणाले की अर्ज करता येईल. कुणाकडे, ते त्यांना माहीत नव्हतं. वरच्या माणसाकडे, आणि वरचा माणूस जेवून बसलेला असणार.

बाहेर मुद्रांक विकणाऱ्याच्या बाकावर दोघं बसली. पलीकडच्या गाड्यावर भजी तळत होती आणि वास सरळ अंगावर येत होता. आधी खाऊन घेऊ असं शार्दूल म्हणाला. गार्गी म्हणाली, आधी लिही, खाल्लं की तू बघू म्हणशील. तिनं सांगितलं, त्यानं लिहिलं, काही ठिकाणी त्यानं सांगितलं आणि तिनं खोडलं.

प्रति,
मा. आयुक्त, तृप्त संमती विभाग

विषय : दुपारी बारा बत्तीसची भूक समान वाटून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, पाच वर्षांपूर्वी विवाहसमयी अर्जदार क्रमांक एक, गार्गी, यांची भूक चौऱ्याण्णव व अर्जदार क्रमांक दोन, शार्दूल शेवाळे, यांची भूक अकरा असल्याचे आपल्या नोंदीत आहे. दोहोंची बेरीज एकशे पाच होते. अर्जदार त्या क्षणापासून सर्व काही निम्मे-निम्मे घेणार होते. सबब सदर भूकही मागील तारखेपासून निम्मी-निम्मी वाटून प्रत्येकी साडेबावन्न अशी दुरुस्त करण्यात यावी, जेणेकरून दोन्ही सह्या साठच्या आत येतील.

अर्जदार क्रमांक दोन यांनी खाल्लेल्या सात जिलेब्यांपैकी साडेतीन जिलेब्या अर्जदार क्रमांक एक यांच्या नावे वर्ग करण्यास त्यांची हरकत नाही.

हा अर्ज करतेवेळी दोन्ही अर्जदार उपाशी असून त्यामुळे तो नियमानुसार अग्राह्य ठरतो, याची अर्जदारांना पूर्ण जाणीव आहे. तरी सदर नियम हा अर्ज वाचून होईपर्यंत स्थगित ठेवावा, आणि आपण स्वतः निदान सकाळपासून काही न खाता यावर निर्णय घ्यावा, ही नम्र विनंती.